हात थरथरायच्या आधी

मेंदूच्या डॉक्टरांनी अण्णांना पहिला प्रश्न विचारला तो पोटाचा. “शौचाला रोज साफ होतं का?”

आम्ही दाखवायला नेला होता उजवा हात. मांडीवर टेकवला की अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, तळहातावर तंबाखू मळावी तसा. फेब्रुवारी २०१७. सांगलीहून मिरजेला गेलो होतो, बाहेरच्या बाकावर दोन तास बसलो होतो, आणि आत गेल्यावर डॉक्टर हाताकडे बघायच्या आधी पोटाची चौकशी करत होते. मग विचारलं, वास येतो का? झोपेत ओरडता का, हातपाय झाडता का? तिन्हींची उत्तरं आईनंच दिली. मलावरोध वीस वर्षांचा. दूध उतू जाऊन करपलं तरी ह्यांना पत्ता नसतो. आणि मागच्या दिवाळीत ह्यांनी झोपेत भिंतीवर बुक्की मारून बोटं सुजवून घेतली होती. डॉक्टरांनी मान हलवली, अण्णांचं मनगट धरून हलवून पाहिलं, खोलीत चालायला लावलं आणि कागदावर पार्किन्सन्स असं लिहिलं.

परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात आजाराचं नाव घोळत नव्हतं. ती वीस वर्षं घोळत होती.

अण्णा कंपोझिटर. सांगलीतल्या एका छापखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले. खिळ्यांच्या केससमोर उभं राहून, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक धरून, उजव्या हाताची बोटं न बघता नेमक्या घरात जायची आणि अक्षर उचलून आणायची. पुढे कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले आणि अण्णा त्याच छापखान्यात बाइंडिंगला बसले. पोटाची तक्रार साधारण तेव्हापासूनची. घरात सगळ्यांचं एकमत होतं की हे शिशामुळे. खिळ्यांत शिसं असतं, शिशानं पोट धरतं, ही गोष्ट छापखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि ती खरीही आहे. त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. सकाळी गरम पाणी, रात्री इसबगोल, महिन्यातून एकदा एरंडेल, मध्येच कुणी सांगितलं म्हणून त्रिफळा. सकाळी संडासाचं दार तासभर बंद असायचं आणि आम्ही भावंडं बाहेरून कड्या वाजवायचो. ते आठवलं की आज पोटात कालवतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि नोकरी धरली ती दुधाच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत. जिवाणू मोजणं हेच माझं रोजचं काम. तरी माझ्याच घरातल्या माणसाच्या आतड्यात काय चाललंय हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मिरजेहून आल्यावर पडला, आणि मग मी वाचायला लागले.

मागे मागे जात १८१७ सालापर्यंत पोचले. लंडनजवळच्या हॉक्स्टनमध्ये राहणाऱ्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं त्या वर्षी ‘थरथरत्या लकव्या’वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सहा माणसांची हकिगत. त्यांतल्या काहींना तर त्यानं फक्त रस्त्यात पाहिलं होतं. निबंधात थरथर आहे, वाकून पुढे पुढे धावल्यासारखी चाल आहे आणि पोट साफ न होणंही आहे. एका ठिकाणी तो असंही म्हणतो की दुवा दाखवता येत नसला तरी पोट आणि आतडी बिघडल्यानं मज्जारज्जूच्या एका भागात बिघाड होणं संभवतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं. म्हणजे अगदी पहिल्याच निबंधात पोटाकडे बोट दाखवलेलं होतं.

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं सगळ्यांचे डोळे मेंदूवर खिळले, आणि त्यांची चूक म्हणता येत नाही. मध्यमेंदूत काळसर रंगाचा एक पट्टा असतो, तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात. त्या मरत जातात आणि हालचाल अडते. हात थरथरायला लागेपर्यंत त्यांतल्या कितीतरी पेशी गेलेल्या असतात. १९१२ मध्ये फ्रिट्झ लेव्ही या जर्मन डॉक्टरला अशा रुग्णांच्या मेंदूत गोळ्यांसारखे कण दिसले. हे कण त्याला आधी दिसले ते त्या काळसर पट्ट्यात नव्हे. ज्या केंद्रांत दिसले त्यांतलं एक होतं व्हेगस नसेचं. मेंदूच्या देठापासून निघून गळा, छाती उतरून जठर आणि आतड्यांपर्यंत जाणारी ही लांब नस. कण अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळीचे असतात हे १९९७ मध्ये कळलं. आणि २००३ मध्ये हायको ब्राक यांनी मांडलं की ही गुंतवळ बहुधा नाकात किंवा आतड्याच्या चेतापेशींत सुरू होते आणि व्हेगसवरून चढत चढत मेंदूत पोचते, एकेक मुक्काम करत.

नाक आणि आतडं. करपलेलं दूध आणि बंद दार.

प्रत्येकाचा आजार असाच चढतो असं नाही. डेन्मार्कमधले पेर बोर्गहॅमर म्हणतात की काहींचा शरीरात सुरू होतो, काहींचा मेंदूत. झोपेत हातपाय झाडणं आधी आलं असेल तर तो बहुधा शरीराकडून आलेला. उंदरांच्या आतड्यात हे बिघडलेलं प्रथिन टोचलं तर ते काही महिन्यांत मेंदूत पोचतं, आणि व्हेगस आधीच कापलेली असेल तर पोचत नाही, हे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये २०१९ साली दिसलं. माणसांचाही एक पुरावा आहे. पूर्वी अल्सरसाठी व्हेगस कापायचे. डेन्मार्क आणि स्वीडनच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा ज्यांची नस मुळातूनच कापली होती त्यांच्यात पुढे पार्किन्सन्स थोडा कमी आढळला. फरक छोटा आहे आणि सगळ्या तज्ज्ञांना तो पटलेलाही नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हवाई बेटांवरचं काम. तिथे जपानी वंशाच्या ६७९० पुरुषांना हृदयविकाराच्या अभ्यासासाठी अनेक वर्षं पाहत होते. सुरुवातीला त्यांना एक साधा प्रश्नही विचारला होता, दिवसातून किती वेळा शौचाला होतं? चोवीस वर्षांत त्यांच्यातल्या ९६ जणांना पार्किन्सन्स झाला. ज्यांना रोज एकदाही होत नव्हतं त्यांच्यात तो होण्याचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या अडीचपटीहून जास्त निघालं.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण हे वाचून कुणाच्या तरी पोटात गोळा येईल. मलावरोध घरोघरी आहे. त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीही होत नाही. हवाईतसुद्धा बहुतेकांना झाला नाही. पण मलावरोध, वास जाणं आणि झोपेत मारामारी ही तिन्ही एकाच माणसात असतील तर डॉक्टरांना सांगायला हवीत. आम्ही सांगितली नाहीत. ती एकाच आजाराची असतील असं आमच्या मनातही आलं नाही.

मग जिवाणू. आपल्या आतड्यात ते जवळजवळ ३८ लाख कोटी असतात, म्हणजे अंगातल्या पेशींच्या संख्येच्या बरोबरीनं. २०१५ मध्ये हेलसिंकीच्या फिलिप शेपेरयान्स यांनी ७२ रुग्ण आणि ७२ निरोगी माणसांच्या शौचाचे नमुने ताडून पाहिले. प्रेव्होटेला गटाचे जिवाणू रुग्णांमध्ये फारच कमी होते, सरासरी ७७ टक्क्यांनी. पुढे अनेक देशांत असे अभ्यास झाले. साधारण चित्र असं की चोथा, कोंडा आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवणारे जिवाणू घटतात. या आम्लांवर आतड्याचं अस्तर जगतं. अस्तर विरलं की जे आत राहायला हवं ते बाहेर झिरपतं आणि सूज येते.

पण मलावरोधानंही जिवाणू बदलतात, औषधांनीही बदलतात. आधी कोण? कॅलिफोर्नियात सार्किस मॅझमानियन यांच्या प्रयोगशाळेनं २०१६ मध्ये यावर वाट काढली. अल्फा-सिन्युक्लिन जास्त बनवणारे उंदीर त्यांनी जंतुविरहित वाढवले. त्यांना आजार फारच सौम्य झाला. नंतर काहींना निरोगी माणसांचे जिवाणू दिले आणि काहींना पार्किन्सन्सच्या रुग्णांचे. रुग्णांचे जिवाणू मिळालेले उंदीर जास्त अडखळले. तोच प्रयोग एक कोडंही घालून गेला: जंतुविरहित उंदरांना ती आंबवणीची आम्लं नुसती पाजली तरी लक्षणं परत आली. ज्यांना आपण उपकारक म्हणतो तीच. म्हणून ‘चांगले जिवाणू, वाईट जिवाणू’ असं लिहिलेली पाकिटं बघितली की मला राग येतो. इतकं सोपं असतं तर आमच्या डेअरीतच औषध झालं असतं.

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहायला बसले ते सांगते.

अण्णांची गोळी लेव्होडोपाची. डोपामिन थेट देऊन चालत नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून त्याचा कच्चा माल द्यायचा. तो मेंदूत जातो आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. अडचण अशी की आपल्या अंगात, आतड्याच्या भिंतीतसुद्धा, हा बदल घडवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. मेंदूत पोचायच्या आधीच डोपामिन झालं तर ते वाया जातं आणि वर मळमळ होते. त्यासाठी गोळीतच कार्बिडोपा मिसळलेलं असतं, ते या विकराला अडवतं. आमच्या घरात त्याची वेगळीच भाषा तयार झाली. “चढली का?” “चढली.” “उतरायला लागली बघ.” डॉक्टर त्याला ऑन आणि ऑफ म्हणतात. काही दिवशी गोळी अर्ध्या तासात चढायची, काही दिवशी दीड तास झाला तरी अण्णा खुर्चीत तसेच, चेहरा मेणासारखा. गोळी तीच, वेळ तीच.

जून २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात हार्वर्डच्या एमिली बाल्स्कस आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. आतड्यातला एक जिवाणू लेव्होडोपा खातो, असं त्यात होतं. जिवाणूचं नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. एन्टेरोकॉकस फिकॅलिस.

त्याला मी ओळखते. वीस वर्षं ओळखते. पाण्याच्या नमुन्यात तो निघाला की समजायचं, कुठेतरी मैला मिसळतोय. त्याला वाढवायच्या एका माध्यमात पित्त आणि एस्क्युलिन असतं. तो वाढला की माध्यम काळंकुट्ट पडतं. कितीतरी सकाळी ते काळं पडलेलं बघून मी टाकी रिकामी करायला सांगितली आहे. आणि हाच अण्णांच्या गोळीच्या वाटेत बसलेला असू शकतो. त्याच्याकडे टायरोसिन डीकार्बोक्झिलेज नावाचं स्वतःचं विकर आहे. ते लेव्होडोपाचं आतड्यातच डोपामिन करून टाकतं, आणि गोळीतलं कार्बिडोपा माणसाच्या विकराला अडवत असलं तरी या जिवाणूच्या विकरापुढे त्याचं चालत नाही. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला सहार एल आयडी यांच्या गटालाही हेच दिसलं: ज्या उंदरांच्या आतड्यात या विकराचा जनुक जास्त, त्यांच्या रक्तात लेव्होडोपा कमी.

साखळी तिथेच संपत नाही. तयार झालेलं डोपामिन एगर्थेला लेंटा नावाचा दुसरा जिवाणू उचलतो आणि त्याचं मेटा-टायरामिन बनवतो. या जिवाणूच्या सगळ्या वाणांना ते जमत नाही. कुणाला जमतं आणि कुणाला नाही हे जनुकातलं एकच अक्षर ठरवतं.

हे मी अण्णांना सांगितलं. ते ऑन होते, ओसरीवर बसले होते.

“म्हणजे एकच खिळा इकडचा तिकडं,” ते म्हणाले.

मग त्यांनी एका लग्नपत्रिकेची गोष्ट सांगितली. ‘ह’च्या घरात चुकून ‘द’ पडला होता, तोच बोटाला लागला, आणि ‘शुभविवाह’च्या जागी ‘शुभविवाद’ जुळला. प्रूफ कुणी नीट बघितलं नाही. पाचशे पत्रिका रात्रीतून पुन्हा छापल्या, कागदाचे पैसे त्यांच्या पगारातून कापले. बाकी सगळं बरोबर होतं, एवढंच अक्षर. “एवढ्यानं होतंय की,” ते म्हणाले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

हार्वर्डच्या गटानं त्या जिवाणूच्या विकराला अडवणारा एक रेणूही शोधला आणि उंदरांना लेव्होडोपासोबत दिला. उंदरांच्या रक्तात औषध जास्त पोचलं. तो अजून दवाखान्यात मिळणारं औषध झालेला नाही. पण मला त्या निबंधानं एक गोष्ट दिली. गोळी चढली नाही की आई म्हणायची, “तुम्ही मनावर घेत नाही.” आता ती असं म्हणत नाही.

वाचता वाचता माझी स्वतःची चूकही सापडली. पहिले आठ महिने मी अण्णांना सकाळची गोळी दुधासोबत देत होते. डेअरीतून येताना आणलेलं चांगलं दूध, मोठा पेला. लेव्होडोपा हे एक अमिनो आम्ल आहे, म्हणजे प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांच्याच जातीचं. आतड्याच्या ज्या दारातून ते रक्तात जातं त्याच दारातून दुधाची, डाळीची, अंड्याची अमिनो आम्लंही जातात, आणि पुढे मेंदूच्या दाराशीही तीच गर्दी असते. शिवाय हे औषध शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. पार्किन्सन्समध्ये जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि गोळी वरच अडकून पडते. रोज दुधातली प्रथिनं तपासणारी मी, आणि मीच ती गोळीच्या वाटेत उभी करत होते. डॉक्टरांना विचारून वेळा बदलल्या. साडेसहाला गोळी नुसत्या पाण्याबरोबर, दूध साडेसातनंतर, उसळ आणि डाळ शक्यतो रात्रीकडे. पंधरा दिवसांत सकाळची गोळी लवकर चढायला लागली. ते आठ महिने मात्र मला परत देता येत नाहीत.

पोटाकडेही आता आम्ही औषधाइतकंच लक्ष देतो. पाणी मोजून, पालेभाजी, ज्वारीची भाकरी, चालणं, आणि डॉक्टरांनी दिलेलं रेचक न लाजता.

दह्याचं सगळेच विचारतात, मी डेअरीतली म्हणून जास्तच. मलेशियात ७२ रुग्णांवर झालेल्या एका नीट चाचणीत अनेक वाणांच्या प्रोबायोटिक कॅप्सूल चार आठवडे दिल्या, तर आठवड्याला साधारण एक वेळ शौच वाढली. इटलीतही आंबवलेल्या दुधानं मलावरोध कमी झाला. ज्याला हा त्रास आहे त्यालाच कळतं, आठवड्याला एक ही लहान गोष्ट नाही. पण हात थांबला असं त्यात नाही. आणि गंमत म्हणा की कोडं म्हणा, दह्यातले लॅक्टोबॅसिलस आणि त्यांच्यासोबत विकले जाणारे बिफिडोबॅक्टेरियम पार्किन्सन्सच्या रुग्णांत पुष्कळदा आधीच जास्त सापडतात. अण्णा दुपारी ताक पितात, आवडतं म्हणून. औषध म्हणून मी ते कुणाला सांगत नाही.

शेजारच्या काकांनी कवचबीजाची, म्हणजे खाजकुइलीच्या बियांची पूड आणून दिली होती. त्यांच्या मायेला मी नाही म्हटलं नाही, पण पूड डब्यातच राहिली. या बियांमध्ये खरोखर लेव्होडोपा असतो. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच तो वेगळा काढून दाखवला होता. म्हणूनच भीती. चमच्यात किती आला हे मोजता येत नाही, तो गोळीच्या मात्रेवर चढतो, आणि आतड्यातले ते जिवाणू हा लेव्होडोपा बियांचा की कारखान्यातला हे बघत नाहीत.

राहिलं मलरोपण. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडायचे. मैल्याचा एक कण दुधात जाऊ नये म्हणून नोकरी केलेल्या मला हे पचवायला वेळ लागला. बेल्जियममध्ये गेंटला ४६ रुग्णांना नाकातून नळी घालून हे दिलं. काहींना निरोगी दात्याचं, काहींना न कळत त्यांचं स्वतःचंच. वर्षानं हालचालींच्या मोजणीत दात्याचं मिळालेले सरासरी ५.८ गुणांनी सुधारले, स्वतःचं मिळालेले २.७ गुणांनी. हा निकाल २०२४ चा. त्याच वर्षी फिनलंडमधून दुसरा आला. तिथे हेच मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून दिलं होतं. काही फायदा दिसला नाही, पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या. दोन्ही चाचण्यांत रुग्ण पन्नासच्या आत. पुण्याच्या चुलतभावानं गेंटची बातमी पाठवून विचारलं, “ताई, अण्णांसाठी बघूया का?” मी नको म्हटलं. फोन ठेवल्यावर खूप वेळ तशीच बसले. नको म्हणायला माझ्याकडे कारणं होती, पण त्याच्या आवाजातली आशा माझ्यातही होती.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही एक वही ठेवलीय. गोळी कधी, चढली कधी, उतरली कधी, पोट साफ झालं का. पहिली पाच वर्षं मीच लिहायचे. या आजारात अक्षर बारीक होत जातं. अण्णांनी तेही आपल्या पद्धतीनं मोजलं होतं. निदान झालं तेव्हा पेन्शनच्या कागदावर सही करून म्हणाले होते, “बारा पॉइंटात आली.” नंतर दहा. मग आठ. मग त्यांनी लिहिणं सोडलं.

परवा डेअरीतून आले तर वही ओसरीवर उघडी होती, वर चष्मा ठेवलेला. ओळीच्या सुरुवातीला अक्षर मोठं होतं आणि पुढे उतरत गेलं होतं. मी ते उजेडात धरून वाचलं.

“६.३० गोळी, पाणी. ७.०५ चढली. पोट साफ. दूध ७.४०. हे मी लिहिलं.”